समुद्रतळाच्या व्हिडिओत हॅगफिश कसा शोधायचा आणि तो काय करतोय ते कसं ओळखायचं

हॅगफिश म्हणजे समुद्रतळावर राहणारा, वामीसारखा लांबुळका, जबडा नसलेला प्राणी. हॅगफिश म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यासमोर एकच क्लिप येते, कोणीतरी बादलीत हात घालतं आणि हाताला लोंबणारा पारदर्शक चिकट पडदा घेऊन हात वर येतो, खाली कमेंटमध्ये सगळे ईईई करतात. क्लिप मजेशीर आहे, नाही म्हणत नाही, पण त्यातून त्या प्राण्याबद्दल काही म्हणजे काहीच कळत नाही, कारण बादलीतला हॅगफिश घाबरलेला असतो आणि घाबरल्यावर तो एकच काम करतो, अंगातून चिकट द्रव सोडतो. तो एरवी जगतो कसा हे बघायचं तर शेकडो मीटर खाली, गार चिखलात, स्वतःच्या मर्जीने पडलेला असताना बघायला लागतं. आणि ते आता घरबसल्या फुकट बघता येतं, फक्त काय बघायचं ते माहीत पाहिजे, नाहीतर आठ तासांचा डाइव्ह संपतो आणि आपल्याला आठवतो फक्त निळा-राखाडी चिखल.

बघायचं कुठे ते आधी. नोआ या अमेरिकेच्या सरकारी समुद्र-हवामान संस्थेच्या ओकिआनोस एक्सप्लोरर जहाजाचे डाइव्ह, नॉटिलस जहाजाचे, श्मिट ओशन इन्स्टिट्यूटच्या सुबॅस्टियन या रोबोचे, हे सगळे लाइव्ह जातात आणि बरेचसे नंतरही बघायला मिळतात. इथे केबलला बांधलेला रोबो खाली जातो, ज्याला आरओव्ही म्हणतात, आणि वर जहाजातला पायलट तो चालवतो. दुसरा प्रकार म्हणजे ओशन नेटवर्क्स कॅनडाने तळाशी कायमचे बसवलेले कॅमेरे, केबलने किनाऱ्याला जोडलेले, ते ठराविक वेळाने दिवा लावतात, थोडं रेकॉर्ड करतात आणि परत अंधार. मला विचाराल तर हॅगफिशसाठी हा दुसरा प्रकार भारी. रोबोचे पंखे गाळ उडवतात, दिवे झगझगीत असतात, प्राणी पाच सेकंद दिसतो आणि पायलट पुढे निघून जातो कारण त्या दिवशीचा प्लॅन कोरल बघायचा असतो. फिक्स कॅमेऱ्यासमोर तोच चिखलाचा तुकडा दिवसेंदिवस असतो, त्यामुळे कोण आलं, कोण गेलं, कुठलं बीळ काल नव्हतं हे कळतं. फक्त पेशन्स लागतो, भरपूर.

आधी कोपऱ्यातले आकडे

स्क्रीनच्या कडेला खोली, तापमान, खारटपणा, कधीकधी ऑक्सिजन असे आकडे असतात, नवीन माणूस तिकडे बघतच नाही. पण हॅगफिश भेटायची शक्यता किती हे तिथेच निम्मं ठरतं. या प्राण्याच्या रक्तातलं मीठ जवळपास समुद्राच्या पाण्याइतकंच असतं, हाडांचे मासे शरीरातलं मीठ समुद्रापेक्षा बरंच कमी राखतात आणि त्यासाठी सतत मेहनत करतात, हा ती मेहनतच करत नाही. फायदा मोठा, एनर्जी वाचते. तोटा असा की पाणी गोडसर झालं की याची पंचाईत, म्हणून नदीच्या मुखाशी, खाडीत वगैरे हा भेटत नाही. तापमानाचंही तसंच, बहुतेक जातींना गार पाणी लागतं, म्हणून थंड प्रदेशात काही जाती अगदी उथळ पाण्यातही असतात आणि उष्ण कटिबंधात मात्र त्याच गारव्यासाठी बरंच खाली जावं लागतं. खोलीचा पल्ला एकूण मोठा आहे, किनाऱ्याजवळच्या काही दहा मीटरपासून ते साधारण ५,००० मीटरपर्यंत. पण डाइव्ह काही शे मीटर ते २,००० मीटरच्या आसपास, चिखलाचा उतार, अशी जागा असेल तर डोळे उघडे ठेवा. ६,००० मीटरच्या डाइव्हमध्ये हॅगफिशची वाट बघू नका, तिथे तळाशी ठेवलेल्या आमिषावर अँफिपॉड म्हणजे ते कोळंबीच्या नातेवाइकांतले छोटे वाकडे प्राणी राज्य करतात.

आता अपवाद आहेतच. २००५ मध्ये ईस्टर बेटाच्या दक्षिणेला आल्विन पाणबुडीने २,२११ मीटरवर गरम पाण्याच्या झऱ्यांच्या भागात एक हॅगफिश पकडला, खडकाळ जागेत, जिथे कोणी त्याची अपेक्षा केली नव्हती. २००७ मध्ये त्याचं वर्णन झालं आणि नाव ठेवलं एप्टाट्रेटस स्ट्रिकरोटी, पाणबुडीचा पायलट ब्रूस स्ट्रिकरॉट याच्यावरून. (त्याच मोहिमेत केसाळ हातांचा यती क्रॅब सापडला, सगळी प्रसिद्धी त्याने खाल्ली.) तेव्हा खडक दिसला म्हणून लगेच टॅब बंद करायची नाही, शक्यता कमी एवढंच.

हा हॅगफिशच आहे का

लांबुळकं, गुळगुळीत, राखाडी-गुलाबी ते तपकिरी काहीतरी वळवळताना दिसलं की चॅटमध्ये लगेच हॅगफिश हॅगफिश सुरू होतं आणि दर वेळी तो असतोच असं नाही. खोल समुद्रात लांबुळके प्राणी पुष्कळ. सर्वात आधी डोक्याच्या मागे बाजूला बघा, तिथे छोटे पंख हलताना दिसले तर हॅगफिश बाद. हॅगफिशला जोडीचे पंख नसतात, शेपटीकडे चपटी झालेली कातडीची पट्टी तेवढी असते. मग डोळे बघा. कटथ्रोट ईल नावाची खोल पाण्यातली वाम असते, उत्तर अटलांटिकमध्ये आमिषावर सगळ्यात आधी पोचणाऱ्यांत ती असते, तिचे डोळे स्पष्ट दिसतात आणि तोंड लांब फाटलेलं असतं. ईलपाउटचा चेहरा जरा बेडकासारखा, गाल फुगलेले. सगळ्यात फसवतो तो बोथट नाकाचा ईल, सिमेंकेलिस, कारण तोही मेलेल्या माशावर येतो, त्याच्या आत शिरतो, रंगही तसाच, पण त्याला डोळे आहेत आणि बाजूचे पंखही आहेत, म्हणजे परत त्याच दोन खुणा.

हॅगफिशच्या तोंडाकडे कॅमेरा झूम झाला तर नशीब. जबडा नाही. टोकाला एकच नाकपुडी आणि भोवती आखूड मिशा, त्या चिखलावरून चाचपत फिरत असतात. डोळ्यांच्या जागी एप्टाट्रेटस गटात फिकट डाग दिसतो, मिक्झीन गटात तेवढंही नाही, तिथे डोळा आत स्नायूखाली गेलेला असतो. आणि कुशीवरून शेपटीपर्यंत एका ओळीत बारीक पांढरट ठिपके दिसले तर मग शंकाच नको, ती चिकट द्रव सोडणाऱ्या ग्रंथींची तोंडं आहेत.

गट ओळखायची ट्रिक सोपी आहे आणि व्हिडिओ थोडा क्लिअर असेल तर जमते. कल्ल्यांची भोकं मोजायची. मिक्झीनमध्ये सगळ्या कल्ल्यांच्या नळ्या आतून एकत्र येऊन प्रत्येक बाजूला एकच भोक बाहेर पडतं. एप्टाट्रेटसमध्ये ओळीने भोकं, जातीनुसार पाच-सहा पासून बारा-चौदापर्यंत. त्याच्या पुढे जाऊन जातीचं नाव ठोकायचा मोह होतो, तो आवरा. एकूण जाती ८० च्या आसपास आहेत, त्यातल्या कित्येक बाहेरून एकमेकींच्या बहिणी, आणि जात ठरवताना दातांची आणि ग्रंथींची मोजणी लागते जी व्हिडिओवर होत नाही. फार तर जागा आणि खोली यावरून अंदाज सांगता येतो, उदाहरणार्थ अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापाशी उथळ भागात तपकिरी स्टाउटी जास्त आणि खाली हजार मीटरच्या पलीकडे काळपट डीनी, पण मध्ये दोघींचा पट्टा एकमेकांवर चढतो. नोंदीत "एप्टाट्रेटस, जात नक्की नाही" असं लिहिणं हे कमीपणाचं नाही, शास्त्रज्ञही तेच लिहितात.

लांबी हवी असेल तर रोबोचे दोन लेझर ठिपके बघा, ओकिआनोस आणि नॉटिलसच्या रोबोंवर ते १० सेंटीमीटर अंतरावर असतात. ठिपके प्राण्याच्या जवळ, त्याच अंतरावर पडलेले असतानाच माप धरा, मागच्या चिखलावर पडले असतील तर आकडा चुकणार. बहुतेक हॅगफिश अर्ध्या मीटरच्या आसपास किंवा कमीच, पण न्यूझीलंडचा एप्टाट्रेटस गोलिएथ १२७ सेंटीमीटरचा नोंदलेला आहे, तेव्हा मोठा दिसला म्हणून हॅगफिश नाही असं म्हणू नका.

प्रवाह कुठून येतोय ते शोधा

हे बहुतेक लोक करत नाहीत आणि माझ्या मते सगळ्यात जास्त माहिती इथेच मिळते. रोबो तळावर टेकून स्थिर झाला की पाण्यात तरंगणारे पांढरे कण बघा, ज्याला मरीन स्नो म्हणतात, ते ज्या बाजूला वाहतायत तिकडे प्रवाह. आता कुठे आमिष किंवा मेलेला मासा असेल तर त्याचा वास त्याच बाजूला, लांब पट्ट्यासारखा पसरत जातो. हॅगफिश जवळपास आंधळा, त्याचं सगळं जग वासावर आणि स्पर्शावर चालतं, नाकपुडीतून पाणी आत ओढत राहतो आणि तेच पाणी पुढे कल्ल्यांना जातं, म्हणजे श्वास घेणं आणि वास घेणं एकाच पाण्यावर. त्यामुळे आमिषाकडे येणारे हॅगफिश बहुतेक करून वासाच्या पट्ट्यातून, प्रवाहाच्या विरुद्ध तोंड करून येतात. फ्रेमच्या कुठल्या कडेने ते येतायत हे लिहून ठेवलं की दोन मिनिटांत चित्र स्पष्ट होतं.

याच्याच जोडीला वेळ बघायची. आमिष तळाला टेकल्यापासून पहिला हॅगफिश किती वेळाने आला? आमिष लावलेल्या कॅमेऱ्यांवर काम करणारे लोक पहिल्या पाहुण्याच्या वेळेवरून त्या भागात प्राणी किती दाट आहेत याचा अंदाज बांधतात, लवकर आला म्हणजे जवळपास जास्त आहेत, उशिरा आला म्हणजे विरळ, अर्थात प्रवाहाचा वेग आणि प्राण्याचा पोहण्याचा वेग हिशेबात धरून. प्रवाह पडलेला असेल तर वास जात नाही आणि हॅगफिश शंभर असले तरी येत नाहीत, म्हणून नुसत्या वेळेवर उड्या मारू नका.

चिखल वाचायचा

रिकामा वाटणारा चिखल रिकामा नसतो. मिक्झीन गटातले हॅगफिश बराच वेळ गाळात घुसून पडलेले असतात, वर दिसतं फक्त नाकाचं टोक आणि मिशा, तेही कॅमेरा थांबला तरच. मऊ गाळात केलेली ही बिळं फार टिकत नाहीत, मालक निघाला की ढासळतात, त्यामुळे व्यवस्थित गोल, कडा पक्क्या असलेलं भोक दिसलं तर ते बहुधा दुसऱ्याच कोणाचं, खेकड्याचं किंवा कोळंबीसारख्या प्राण्याचं. हॅगफिशचं निशाण म्हणजे ढासळलेला खड्डा, बाजूला सैल ढिगारा, कधीकधी एखादा उथळ चर. पॅसिफिकच्या एप्टाट्रेटसची सवय वेगळी, ते बरेचदा वर उघड्यावरच वेटोळं करून पडतात, अगदी मेल्यासारखे, आणि चॅटमध्ये कोणीतरी "डेड फिश" लिहितंच.

या घुसाघुशीचा परिणाम मोठा आहे पण तो दिसत नाही. वरून पडणारं सेंद्रिय द्रव्य खाली जातं, खालचा गाळ वर येतो, ऑक्सिजनचं पाणी खालपर्यंत पोचतं. काही भागांत हॅगफिशची संख्या एवढी असते की गाळ उकरणारा मुख्य मासा तोच.

बिळाचा दुसरा उपयोग शिकारीचा, आणि हे फार उशिरा कळलं. कित्येक वर्षं हॅगफिश म्हणजे फक्त मुडदेफरास असं मानत होते, पोटात किडे, कोळंबी सापडायचे तरी प्रतिमा तीच. मग २०११ मध्ये व्हिन्सेंट झिंट्झेन आणि सहकाऱ्यांनी न्यूझीलंडच्या समुद्रातली व्हिडिओ प्रसिद्ध केली, त्यात निओमिक्झीन गटातला हॅगफिश चिखलातल्या बिळात डोकं घालतो आणि आतला जिवंत रेड बँडफिश काढतो. नीट बघण्यासारखा क्रम आहे: आधी बिळांच्या तोंडाशी चाचपणी, मग एका बिळात डोकं आत, शेपूट बाहेर, मग काही वेळ अंग जवळजवळ स्थिर, आणि मग बाहेर राहिलेल्या भागाची गाठ मारून त्या गाठीच्या जोरावर ओढून काढणं. मधल्या स्थिर वेळात तो बिळात चिकट द्रव सोडून माशाचा श्वास कोंडत असावा असा त्यांचा अंदाज. तेव्हा अर्धा बिळात अर्धा बाहेर असा हॅगफिश दिसला तर पुढे ढकलू नका, व्हिडिओ चालू द्या.

मेलेल्या माशावर किंवा देवमाशावर

इथे गर्दी असते आणि सगळं एकदम चालू असतं, त्यामुळे एकावेळी एकच प्राणी धरून बघावा. हॅगफिशला चावून लचका तोडता येत नाही, जबडाच नाही ना. तोंडात एका पट्टीवर शिंगासारख्या केराटिनच्या दातांच्या ओळी असतात, पट्टी बाहेर येते, उघडते, मांसावर टेकते आणि मिटत आत जाते, म्हणजे खरवडून ओढणं. जाड शाबूत कातडी त्याला झेपत नाही, म्हणून तो वाट शोधतो, तोंडातून, कल्ल्यांतून, गुदद्वारातून किंवा दुसऱ्या कोणी पाडलेल्या भोकातून आत शिरतो आणि आतून खातो. ओढायला आधार हवा तेव्हा शेपटीकडे गाठ मारतो आणि ती गाठ अंगावरून पुढे सरकवत डोक्यापर्यंत आणतो, गाठ माशाच्या अंगाला टेकली की डोकं मागे खेचलं जातं आणि मांसाचा तुकडा सुटतो. हे एकदा स्लो करून बघाच, शेपटीची सुरुवात, वेढा, टोक आतून काढणं, मग सरकवणं, कुठेही धडपड नाही. जाळ्यात अडकलेल्या माशांना हा असाच आतून साफ करतो, वर फक्त कातडी आणि हाडं, त्यामुळे कोळ्यांचा याच्यावर जुना राग.

आत शिरलेला हॅगफिश नुसता पडून आहे, काही करत नाहीये असं वाटलं तरी तो उपाशी आहे असं समजू नका. २०११ मध्येच ग्लोव्हर, बकिंग आणि वूड यांनी दाखवलं की पॅसिफिक हॅगफिश कातडीतून आणि कल्ल्यांतून अमिनो आम्लं थेट शोषू शकतो. प्रयोग लॅबमधला आहे, देवमाशाच्या पोटात नेमकं किती शोषतो हा हिशेब वेगळा, पण सडत्या मांसाच्या रसात बुडून राहणाऱ्या प्राण्याला याचा फायदा नाही होणार तर कोणाला. आणि तिथे आत ऑक्सिजन संपलेला असतो, त्याचाही याला फारसा त्रास नाही, पॅसिफिक हॅगफिश ऑक्सिजनशिवाय ३६ तास तग धरतो असं प्रयोगात दिसलंय. रक्ताचा दाब अगदी कमी, शरीराचा खर्च कमी, एकदा पोटभर जेवला की महिनोन्‌महिने काही नाही मिळालं तरी चालतं. खोल समुद्रात जेवण कधी आणि कुठे पडेल याचा भरवसा नाही, तिथे असलंच शरीर टिकतं.

देवमाशाचा सांगाडा दिसला तर तो तळाला पडून किती काळ झाला हे हॅगफिशवरून सांगता येतं, ढोबळ. क्रेग स्मिथच्या टीमला १९८७ मध्ये कॅलिफोर्नियाजवळ सांता कॅटालिना खोऱ्यात १,२४० मीटरवर असा सांगाडा सापडला आणि त्यानंतर त्यांनी मेलेले देवमासे मुद्दाम बुडवून वर्षानुवर्षं पाहणी केली. पहिला टप्पा फिरत्या मुडदेफरासांचा, हॅगफिशचे घोळके आणि स्लीपर शार्क, सगळे मिळून दिवसाला ४० ते ६० किलो मांस उडवतात, आणि देवमाशाच्या आकाराप्रमाणे हे काही महिने ते दीड-दोन वर्षं चालतं. मांस संपलं की हॅगफिश पांगतात आणि चिखलात व हाडांवर किड्यांची दाटी होते, त्यात हाडं पोखरणारा ओसेडॅक्सही, जो २००४ मध्ये माँटेरे कॅन्यन या कॅलिफोर्नियाजवळच्या समुद्राखालच्या दरीतून पहिल्यांदा वर्णन झाला. पुढे पांढरे बॅक्टेरियाचे थर, शिंपले. तेव्हा हाडांवर ओसेडॅक्सचे लाल तुरे आणि पांढरे थर दिसत असतील आणि हॅगफिश एखादाच, तर तुम्ही पार्टी संपल्यावर पोचलात.

चिकट प्रकरण

शेवटी याच्यावर यायचंच. कॅमेऱ्यासमोर हे फार क्वचित होतं, कारण हॅगफिश उगाच द्रव सोडत नाही, महाग काम आहे, ग्रंथी परत भरायला बराच वेळ लागतो. होतं तेव्हा कोणीतरी चावलेलं असतं. न्यूझीलंडच्या त्याच व्हिडिओंमध्ये शार्क आणि मोठे मासे हॅगफिशला तोंडात धरतात आणि ०.४ सेकंदाच्या आत त्यांचं तोंड व कल्ले चोंदतात. स्लो स्पीडवर हॅगफिशकडे नका बघू, हल्लेखोराच्या कल्ल्यांकडे बघा: तोंड उघडं राहतं, कल्ल्यांची झापडं फाकतात, डोकं झटकतो, कल्ल्यांतून पांढरट दोरे लोंबतात, मग माघार. हॅगफिश सगळ्या अंगातून सोडत नाही, जिथे चावलं साधारण तिथल्याच ग्रंथी उघडतात. त्यात दोन गोष्टी असतात, श्लेष्मा आणि लोकरीच्या गुंड्यासारखे गुंडाळलेले १० ते १५ सेंटीमीटर लांबीचे अतिबारीक धागे, पाण्यात ते उलगडतात आणि मूळ द्रवाच्या सुमारे १०,००० पट जागा अडवतात. म्हणजे जे दिसतं त्यातलं जवळपास सगळं समुद्राचंच पाणी, धाग्यांनी अडकवून ठेवलेलं.

मग त्याला स्वतःला काही होत नाही का? होतं, स्वतःच्याच चिकट्यात नाक बुजून तो गुदमरू शकतो, म्हणून परत तीच गाठ, या वेळी अंग पुसायला, आणि नाकपुडीतून पाण्याचा झटका, शिंकल्यासारखा. दात लागले तरी आतल्या अवयवांना का लागत नाही याचं उत्तर त्याच्या ढगळ कातडीत आहे, कातडी आणि स्नायू यांच्यामध्ये रक्ताची मोकळी पोकळी असते, दात कातडीत घुसतो पण आतलं अंग बाजूला सरकतं. याच ढगळपणामुळे तो स्वतःच्या जाडीच्या निम्म्याहून लहान फटीतून निघून जातो, हेही बिळाजवळ बघायला मिळू शकतं.

आता याच्यावर मात कोण करतं? ज्याला कल्ले नाहीत तो. जानेवारी २०१३ मध्ये बार्कली कॅन्यनमधल्या ८९४ मीटरवरच्या कॅनडाच्या फिक्स कॅमेऱ्यासमोर एक हॅगफिश पडलेला होता आणि वरून एक मिशाळ थोबाड आलं आणि त्याला शेवयासारखं सुर्रकन ओढून घेतलं. ती एलिफंट सीलची मादी होती. आणि हे पकडलं कोणी तर युक्रेनमधल्या एका शाळकरी मुलाने, घरी बसून फुटेज बघताना, त्याने संस्थेला कळवलं. सील वर येऊन हवेत श्वास घेतो, खाली तोंडात चिकटा भरला तरी त्याचा श्वास अडत नाही, म्हणून शार्क पळतो आणि सील गिळतो.

मोजायचं आणि लिहायचं कसं

एकच हॅगफिश दहा वेळा फ्रेममध्ये आला तर दहा हॅगफिश लिहू नका. एका क्षणी फ्रेममध्ये एकत्र दिसलेली जास्तीत जास्त संख्या लिहा, याला मॅक्स-एन म्हणतात आणि आमिषाच्या व्हिडिओंमध्ये हीच पद्धत चालते. आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो पण फुगत नाही. सोबत वेळ युटीसीमध्ये (जगभर धरली जाणारी एकच प्रमाण वेळ), डाइव्ह नंबर, खोली, तापमान, चिखल की खडक, प्राणी वेटोळ्यात की पोहत की बिळात, आणि कोणाबरोबर. तासभर बघून एकही दिसला नाही तर तेही लिहा, शून्य ही पण नोंद आहे. दिव्यांचाही विचार ठेवा, डोळे नसल्यासारखे असले तरी याच्या कातडीला उजेड जाणवतो, त्यामुळे दिवे लागल्यावर हलला तर तो त्याचा नेहमीचा वागण्याचा नमुना नाही, दिवा लागल्यानंतर किती सेकंदांनी हलला हे लिहिलंत तर उत्तम.

या नोंदींना किंमत आहे कारण हॅगफिश मोठ्या प्रमाणावर पकडले जातात, नरसाळ्यासारखं तोंड असलेल्या पिंपांमध्ये आमिष टाकून, मांस मुख्यतः कोरियात जातं आणि कातड्याची पाकिटं "ईल लेदर" म्हणून विकली जातात. २०१७ च्या जुलैमध्ये ओरेगनमध्ये जिवंत हॅगफिशने भरलेला ट्रक उलटला आणि हायवे चिकट्याने भरला, ते ३,४०० किलो हॅगफिश तिकडेच निघाले होते. २०११ मध्ये आययूसीएन या निसर्ग संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या पाहणीत ७६ जातींपैकी ९ जाती धोक्यात निघाल्या, आणि कित्येक जातींबद्दल ठरवायला पुरेशी माहितीच नव्हती. तळावर पडलेलं जुनं पिंप दिसलं तर त्याचीही वेळ टिपा, आत कोणी आहे का ते बघा.

आणि एक गोष्ट जी दिसली तर सगळं सोडून स्क्रीनशॉट घ्यायचा, ती म्हणजे अंडी. हॅगफिशची मादी एका वेळी मोजकीच अंडी घालते, प्रत्येक अंडं दोन-तीन सेंटीमीटर लांब, पिवळट, दोन्ही टोकांना आकडेवाल्या तंतूंचे झुबके, त्या आकड्यांनी अंडी एकमेकांत अडकून माळ होते. समुद्रात ही माळ कुठे, कशी पडते हे जवळजवळ कोणी बघितलेलं नाही. मिक्झीन ग्लुटिनोसा पिल्लं कशी काढतो हे सांगणाऱ्याला कोपनहेगनच्या अकादमीने एकोणिसाव्या शतकात बक्षीस लावलं होतं, ते कोणी जिंकलंच नाही. बॅशफर्ड डीनने १८९० च्या दशकात माँटेरेतून भ्रूण असलेली अंडी मिळवली, त्यानंतर शंभर वर्षं जवळपास शांतता, आणि २००७ मध्ये किन्या ओटा, शिगेरू कुराटानी यांच्या टीमने जपानी जातीची अंडी टाकीत मिळवून भ्रूणांचा अभ्यास छापला. ती उथळ पाण्यातली जात, खोल पाण्यातल्यांचं कोडं तसंच आहे. तेव्हा चिखलावर किंवा खडकाच्या आडोशाला पिवळट कॅप्सूलची माळ दिसली तर फ्रेम थांबवा, लेझर ठिपके दिसत असताना दोन-तीन स्क्रीनशॉट घ्या, युटीसी वेळ आणि डाइव्ह नंबर टाका, लाइव्ह असेल तर चॅटमध्ये लगेच विचारा म्हणजे पायलट थांबेल, आणि रेकॉर्डिंग असेल तर ज्या संस्थेचा व्हिडिओ आहे तिच्या वेबसाइटवरच्या पत्त्यावर पाठवून द्या.